धुरास नकार देण्याचे शिक्षण

सोनगीर हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर वसलेले आहे. जुना किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी ते खानदेशात परिचित आहे. भांडी घडविणाऱ्या कारागिरास भट्टीच्या धुराची जन्माची ओळख असते. भट्टी पेटवावयाची तर धुरास बाहेर जाण्याची वाट ठेवली पाहिजे, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच कारागिराच्या किंवा शेजारच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर दिवसभराचे काम आटोपल्यावर बिडी पेटते, तेव्हा तिचा धूर कोठे जातो आणि कोणाच्या छातीत उतरतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जवळच सातवीतील नात अभ्यासास बसलेली असते. ती खोकते, डोळे चोळते, वही थोडी पलीकडे सरकविते आणि गप्प राहते. ‘धूम्रपान आरोग्यास अपायकारक आहे’ हे वाक्य तिने शाळेत अनेकदा लिहिलेले असते. ते तिला येते. ‘आबा, मला धुराचा त्रास होतो’ हे वाक्य मात्र तिच्या तोंडून निघत नाही.

पहिले वाक्य पाठांतराने येते. दुसरे सरावाने येते. आरोग्यशिक्षणात पहिल्या वाक्याची व्यवस्था बहुतेक शाळांत झालेली आहे. दुसऱ्या वाक्याची व्यवस्था कशी करावी, याचा विचार पुढे केला आहे. सोनगीरसारख्या गावातील उच्च प्राथमिक वर्गांत ११ ते १४ वर्षे वयाची मुले-मुली असतात. ज्या वयात मूल मोठ्यांचे निमूटपणे ऐकते आणि ज्या वयात त्यास स्वतःचे मत फुटू लागते, त्या दोहोंच्या सांध्यावरचे हे वय होय. नकार देण्याचे शिक्षण याच वयात द्यावयास हवे.

धुराचे स्वरूप

बिडी अथवा सिगारेट जळत असता दोन प्रकारचा धूर निघतो. झुरका घेऊन ओढणारा जो बाहेर सोडतो तो एक. आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून जो अखंड निघत राहतो तो दुसरा. जवळ बसलेल्या माणसाच्या वाट्यास येणाऱ्या धुरात या दुसऱ्याचा वाटा फार मोठा असतो. त्या वेळी ज्वलन मंद व अपुरे असल्यामुळे अनेक विषारी द्रव्ये त्यात अधिक प्रमाणात उतरतात. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये आढळली असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारणीभूत होतात. कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड ही त्यांतील काही नावे. बिडी टेंभुर्णीच्या पानात वळलेली आणि आकाराने लहान, म्हणून ती सौम्य, असा समज खेड्यांत आढळतो. तो खरा नाही. तंबाखू थोडी असली तरी बिडीच्या धुरातील निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटीपेक्षा कमी नसते; पुष्कळदा अधिकच असते.

स्वतः न ओढणाऱ्यासही हा धूर मारक ठरतो, हे जपानमधील ताकेशी हिरायामा यांच्या पाहणीने १९८१ साली जगापुढे आणले. धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी १४ वर्षे नोंद ठेवली होती. ज्यांचे पती फार धूम्रपान करीत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू स्पष्टपणे अधिक आढळले. पुढे अनेक देशांत अशाच पाहण्या झाल्या. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या अहवालाने निष्कर्ष दिला, की दुसऱ्याच्या धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २००४ या एका वर्षात अशा धुरामुळे सुमारे ६ लाख ३ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मुले होती.

मुलांवर या धुराचा परिणाम अधिक होण्यास शारीरिक कारण आहे. मुलाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. दमा बळावणे, वारंवार खोकला व छातीचे विकार होणे, कानात पू होणे, या तक्रारी धुराच्या घरातील मुलांत अधिक दिसतात. खिडकी उघडली किंवा पंखा लावला म्हणजे धूर निघून जातो, ही समजूतही अपुरी आहे. वास कमी होतो, सूक्ष्म कण मागे राहतात. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत, जेथे भिंती जाड व झरोके लहान असतात, तेथे तर धूर अधिक काळ रेंगाळतो.

हा प्रश्न थोड्या मुलांचा नाही. भारतात २०१९ साली १३ ते १५ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांची राष्ट्रीय पाहणी झाली. तीत २९.५ टक्के मुले दुसऱ्याच्या तंबाखूच्या धुरात वावरत असल्याचे आढळले, ११.२ टक्के मुलांना हा धूर स्वतःच्या घरातच लागत होता. स्वतः तंबाखूचे कोणत्याही प्रकारे सेवन करणारी मुले ८.५ टक्के होती. म्हणजे तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या मुलांच्या तिपटीहून अधिक मुले दुसऱ्याचा धूर सोसत होती. शाळेतील उपदेश मात्र बहुधा ‘तंबाखू खाऊ नका, ओढू नका’ एवढ्यावरच थांबतो.

मूल गप्प का राहते

मुलास धोका ठाऊक असूनही ते बोलत नाही, याची कारणे शिक्षकाने नीट ओळखली पाहिजेत. अन्यथा उपाय चुकीच्या जागी होतो.

पहिले कारण मर्यादा. घरातील आबा, नाना, आप्पा, मोठे काका यांना ‘नको’ म्हणणे हा उद्धटपणा होय, असे मुलाच्या मनावर बिंबलेले असते. हा संस्कार वाईट नाही. परंतु त्यात एक गोष्ट राहून गेलेली असते. वडील माणसाचा मान राखून स्वतःचा त्रास कसा सांगावा, हे कोणी मुलास शिकविलेले नसते. मुलींच्या बाबतीत ही अडचण दुप्पट असते. मुलाने उठून बाहेर जावे तर कोणी विचारीत नाही. मुलीस मात्र त्याच ओसरीवर चहा द्यावयाचा असतो आणि धाकट्या भावंडास मांडीवर घेऊन बसावयाचे असते.

दुसरे कारण सवय. जन्मापासून नाकास परिचित असलेला वास मुलास त्रासदायक म्हणून जाणवतच नाही. तो घराचाच वास वाटतो.

तिसरे कारण फार साधे आहे आणि म्हणूनच दृष्टीआड होते. अनेक घरांत बिडीचे बंडल आणि काडेपेटी आणण्यास मुलासच दुकानावर धाडतात. कोठे चुलीतील निखारा आणून देण्याचे कामही मुलाकडे असते. ज्या हाताने बिडी आणून दिली, त्याच तोंडाने धुरास नकार देणे मुलास कठीण जाते. शिवाय दुकानाची ही ओळखच पुढे त्या मुलाच्या पहिल्या बिडीचीही वाट होण्याची भीती असते.

चौथे कारण निराशा. ‘मी सांगून काय होणार?’ असे मुलास वाटते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट आपल्या हातून होईल, हा विश्वास माणसात चार मार्गांनी येतो, असे त्यांनी दाखविले. स्वतः करून पाहिल्याने तो येतो. आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहून येतो. विश्वासाच्या माणसाने धीर दिल्याने येतो. आणि त्या प्रसंगी छातीत होणारी धडधड आवरता आल्याने येतो. या चारांपैकी पहिला मार्ग सर्वांत बळकट आहे. केवळ माहिती दिल्याने हा विश्वास येत नाही. म्हणूनच नकाराचा पाठ फळ्यावर लिहून संपत नाही. तो मुलांकडून करवून घ्यावा लागतो.

अन्यत्र आलेला अनुभव

असे शिक्षण खरोखर फळते काय, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. मुंबईतील सलाम बॉम्बे फाउंडेशन ही संस्था शाळांतून जीवनकौशल्यांच्या आधारे तंबाखूविरोधी शिक्षण देते. तंबाखूची माहिती, कायद्याची ओळख, आत्मविश्वासाने बोलणे व नकार देणे यांचा त्यात समावेश असतो. या कार्यक्रमाच्या परिणामांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कार्यक्रमात सहभागी झालेल्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांपैकी ४.१ टक्के मुलांनी मागील ३० दिवसांत तंबाखूचे सेवन केल्याचे सांगितले. कार्यक्रम नसलेल्या शाळांत हे प्रमाण ८.७ टक्के होते. सहभागी मुलांनी घरच्या माणसांशी तंबाखूविषयी बोलणी केल्याचे प्रमाणही अधिक होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. शाळेत बोलण्याचा सराव झाला तर मूल घरी बोलते, असे तीवरून दिसते.

दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात असाच एक प्रयोग झाला. त्यात सहावी व आठवीपासूनच्या मुलांना त्यांच्याच वयाच्या निवडक मुलांच्या मदतीने शिक्षण दिले गेले. दोन वर्षांत प्रयोगाबाहेरील शाळांत तंबाखूचे सेवन ६८ टक्क्यांनी वाढले, तर प्रयोगातील शाळांत ते १७ टक्क्यांनी घटले. हे आकडे स्वतःच्या सेवनाविषयीचे आहेत, दुसऱ्याच्या धुराविषयीचे नाहीत. तथापि समवयस्कांकडून शिकलेली गोष्ट मुलाच्या अंगी अधिक मुरते, एवढे त्यांवरून घेता येते.

नकाराच्या चार पायऱ्या

पहिली पायरी ओळखण्याची. आपण धुरात आहोत हे मुलास कळले पाहिजे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, कपड्यांस वास येणे या खुणा त्यास दाखवून द्याव्यात.

दुसरी पायरी दूर होण्याची. हा शब्दावाचूनचा नकार होय. वही उचलून दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात जाऊन बसावे, धाकट्या भावंडासही बरोबर न्यावे, गाडीत जागा बदलावी. पुष्कळ मुलांसाठी, विशेषतः भित्र्या मुलांसाठी, आरंभ येथूनच करावा. दूर होणे हा पळपुटेपणा नव्हे, हे शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगावे.

तिसरी पायरी बोलण्याची. वाक्य लहान असावे आणि त्याचे तीन भाग असावेत : नात्याची हाक, स्वतःचा त्रास, आणि पुरी करता येईल अशी लहानशी विनंती. ‘आबा, मला धुराने खोकला येतो, तुम्ही अंगणात बसून ओढता का?’ या वाक्यात आबांवर दोष ठेवलेला नाही आणि बिडी कायमची सोडण्याचा आग्रहही नाही. मागणी फक्त जागेची आहे. जी मागणी लगेच पुरी होऊ शकते, ती मान्य होण्याचा संभव अधिक असतो.

ज्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, त्यांच्याकडून हे वाक्य अहिराणीतूनच करवून घ्यावे. ‘आबा, माले धूरना तरास व्हस. बाहेर बशीसन वढा ना.’ हेच वाक्य प्रमाण मराठीत म्हटले तर घरी ते शाळेतून आणलेला धडा वाटते. मायबोलीत म्हटले तर ते नातीचे म्हणणे वाटते. आजोबांचे मन वळविण्याचे बळ या दुसऱ्यातच आहे.

चौथी पायरी पुन्हा सांगण्याची. पहिल्याच वेळी ऐकले जाईल असे नाही. आबा हसतील, ‘आमच्या वेळी कोणाला काय झाले?’ असे म्हणतील, किंवा रागावतील. अशा वेळी वाद घालू नये. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, आवाज न चढविता, पुन्हा म्हणावे आणि त्या क्षणापुरते दूर व्हावे. आई, आजी किंवा मोठा भाऊ यांपैकी एकास आपल्या बाजूस घ्यावे. घरात दमेकरी किंवा तान्हे बाळ असेल तर त्याच्यासाठी बोलणे मुलास स्वतःसाठी बोलण्यापेक्षा सोपे जाते.

प्रसंग बदलला की वाक्यही बदलते. मामांनी बिडी आणण्यास सांगितले तर मुलाने म्हणावे, ‘मामा, १८ वर्षांखालच्यांना बिडी विकणे कायद्याने मना आहे; दुकानदार अडचणीत येईल. तुमच्यासाठी चहा सांगून येऊ का?’ काळी-पिवळी गाडीत कोणी बिडी पेटविली तर, ‘दादा, गाडीत लहान लेकरू आहे, जरा विझवता का?’ असे म्हणावे. न ऐकल्यास सोबतच्या मोठ्या माणसाकरवी चालकास सांगावे. मैदानावर किंवा किल्ल्याकडे गेलेल्या मुलांत एखाद्याने सिगारेट पेटविली तर सर्वांत साधे उत्तर हे : ‘अरे, मला धूर चालत नाही. मी पलीकडे थांबतो. तुझे झाले की ये.’ यात मैत्री तुटत नाही, आणि झुरका घेण्याचा आग्रह होण्यापूर्वीच मुलगा तेथून बाजूस झालेला असतो.

वर्गातील पाठ

या शिक्षणास चार तासिका पुरेशा आहेत. विज्ञान, भाषा व कार्यानुभव यांच्या तासांत त्या सहज बसतात.

पहिली तासिका नोंदीची. मुलांनी आठ दिवस आपल्या वहीत लिहावे : धूर कोठे लागला, किती वाजता, धुरापासून किती पावलांवर होतो, आणि आपण काय केले. ओढणाऱ्याचे नाव अथवा नाते लिहू नये. आठ दिवसांनी फळ्यावर फक्त जागांची बेरीज मांडावी : ओसरी, गाडी, दुकान, पार, लग्नमंडप. धूर आपणास नेमका कोठे भेटतो हे मुलांना प्रथमच आकड्यांत दिसेल.

दुसरी तासिका प्रयोगाची. तंबाखूचा कोणताही पदार्थ वर्गात आणू नये. वर्गाची दारे-खिडक्या लावून एका कोपऱ्यात शिक्षकाने एक उदबत्ती पेटवावी. ज्यास वास येईल त्याने हात वर करावा आणि एका मुलाने घड्याळ पाहून वेळ लिहावी. शेवटच्या बाकावरील हात किती मिनिटांत वर झाला, हे पाहावे. नंतर उदबत्ती विझवून खिडक्या उघडाव्यात आणि वास पूर्ण जाण्यास लागलेला वेळ पाहावा. ‘मी दूर बसून ओढतो’ व ‘खिडकी उघडी आहे’ या दोन्ही बोलण्यांत कितपत तथ्य आहे, ते मुले स्वतःच सांगतील. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना या वेळी बाहेर बसवून वेळ लिहिण्याचे काम द्यावे.

तिसरी तासिका सरावाची. ही या पाठाचा प्राण होय. प्रारंभी शिक्षकाने स्वतः आजोबांची भूमिका घ्यावी आणि एका धीट मुलाने नकाराचे वाक्य म्हणावे. मग मुलांच्या जोड्या पाडाव्यात. प्रत्येक जोडीने तीन प्रकारचे आजोबा करून पाहावेत : चटकन ऐकणारे, हसून टाळणारे आणि रागावणारे. भूमिका बदलून प्रत्येक मुलास निदान तीन वेळा ते वाक्य मोठ्याने म्हणावयास मिळावे. वर्गात हशा पिकेल, तो पिकू द्यावा. हसत-हसत म्हटलेल्या वाक्याची भीती जाते. मुलींना मागे राहू देऊ नये. प्रत्येकाने शेवटी आपले वाक्य आपल्या शब्दांत वहीत लिहावे.

चौथी तासिका अनुभवकथनाची. ती पंधरा दिवसांनी घ्यावी. ज्यास यश आले त्याने सांगावे आणि ज्यास आले नाही त्यानेही सांगावे. ‘मी काही बोललो नाही, उठून बाहेर गेलो’ असे म्हणणाऱ्या मुलाचेही कौतुक व्हावे. सांगण्याची सक्ती कोणावर करू नये.

एखादी मुलगी विचारील, ‘गुरुजी, चुलीच्या धुराचे काय?’ हा प्रश्न टाळू नये. लाकूड-गोवऱ्यांचा धूरही फुप्फुसांस अपायकारक आहे. परंतु त्यावरचा उपाय इंधन बदलणे, धुराडे ठेवणे आणि तान्ह्या मुलास चुलीपासून दूर ठेवणे हा आहे. स्वयंपाक करणाऱ्या आईस नकार देऊन तो प्रश्न सुटत नाही. दोन्ही धुरांतला हा फरक मुलांना समजावून द्यावा.

जपावयाच्या गोष्टी

मुलास घरातील पोलीस बनवू नये. ‘वडिलांची बिडी सोडवून या’ असे काम मुलास देणे अन्यायाचे आहे. ते व्यसन निकोटीनचे असते. मोठ्या माणसासही ते एकट्याने सुटणे कठीण जाते. बिडी सुटली नाही म्हणजे मूल स्वतःस अपयशी समजू लागते. मुलाकडे द्यावयाचे काम एवढेच, की आपला श्वास सांभाळावा आणि त्यासाठी नीट शब्दांत मागणी करावी.

कोणाच्या घरी कोण ओढतो हे वर्गात विचारू नये. त्यामुळे मुलास वडिलांची लाज वाटू लागते आणि शाळा त्याच्या घराविरुद्ध उभी राहते.

काही घरांत दारू व मारहाणही असते. तेथे तिसरी पायरी मुलाकडून अपेक्षू नये. अशा मुलास दुसरी पायरी, म्हणजे दूर होणे, एवढीच शिकवावी आणि घरातील समजूतदार व्यक्तीशी शिक्षकाने स्वतः बोलावे. मूल संकटात असल्यास १०९८ हा मुलांसाठीचा मदत-क्रमांक सर्व शिक्षकांस पाठ असावा.

कायदा कोठपर्यंत जातो

मुलाच्या नकारामागे कायद्याचे पाठबळ आहे, हे त्यास ठाऊक असावे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, सभागृहे व आगगाड्यांसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. जो ओढत नाही त्याच्यावर दुसऱ्याचा धूर लादला जाऊ नये, हे या आदेशामागील तत्त्व होय. २००३ साली संसदेने तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणे गुन्हा असून त्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे; यासंबंधीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतराच्या आत ते विकण्यास मनाई आहे. मुलांस तंबाखूचे पदार्थ देणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही गंभीर गुन्हा ठरविला असून त्यास ७ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

तथापि हा कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. एस. टी. गाडीत, शाळेत, दवाखान्यात त्याचा आधार आहे, ओसरीवर नाही. तेथे नातीचा शब्द आणि आजोबांची माया यांवाचून दुसरा आधार नाही. म्हणूनच घरातल्या नकाराचे शिक्षण शाळेने विशेष काळजीने द्यावयाचे आहे.

शाळा आणि शिक्षक

ज्या शाळेच्या फाटकाशी बिडीची टपरी आहे, त्या शाळेने शिकविलेला नकार मुलास खोटा वाटतो. २०१९ साली केंद्र शासनाने तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. फलक लावणे, १०० यार्डांची सीमा आखणे, तंबाखूविषयक जबाबदारी एका शिक्षकाकडे सोपविणे इत्यादी गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत. सीमारेषा आखण्याचे काम मुलांकडून टेप लावून करवून घ्यावे. मोजमापाचा एक पाठही त्यातच साधतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत घरातील आबा-आजींनाही बोलवावे आणि एकच मागणी ठेवावी : मुलांसमोर, घरात व ओसरीवर बिडी पेटवू नये. मोठ्यांनी ही मोकळीक आधीच बोलून दाखविली, तर मुलाचे अर्धे काम तेथेच होते. ज्यांस व्यसन सोडण्याची इच्छा होईल त्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी क्रमांक द्यावा.

शिक्षक स्वतः तंबाखूचे सेवन करीत असेल तर त्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. बिहारमधील ७२ शाळांत शिक्षकांसाठीच एक कार्यक्रम राबविण्यात आला होता. एकमेकांच्या आधाराने व्यसन सोडण्यास त्यांना मदत केली गेली. कार्यक्रम संपताच मागील ३० दिवस तंबाखूपासून दूर राहिलेल्या सेवनकर्त्या शिक्षकांचे प्रमाण ५० टक्के आढळले. इतर शाळांत ते १५ टक्के होते. सहा महिने दूर राहणाऱ्यांचे प्रमाण पुढे १९ टक्क्यांवर आले, इतर शाळांत ते ७ टक्के होते. म्हणजे काम कठीण आहे, पण सहकाऱ्यांच्या सोबतीने ते होऊ शकते. तोवर निदान शाळेच्या आवारात आणि मुलांच्या दृष्टीसमोर सेवन न करणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. आणि एखाद्या मुलाने धीर करून ‘गुरुजी, धुराचा त्रास होतो’ असे शिक्षकासच म्हटले, तर त्याने रागावू नये. आपला पाठ सफल झाला असे समजावे.

सोनगीरच्या ओसरीवरील त्या मुलीचे आबा तिच्या एका वाक्याने बिडी सोडतील, असे नाही. कदाचित ते पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी कुरकुरतील आणि तिसऱ्या दिवशी उठून अंगणात जाऊन बसतील. तेवढ्याने तिच्या वहीजवळची हवा स्वच्छ होईल आणि तिच्या धाकट्या भावाचा खोकला कमी होण्यास मदत होईल. त्याहून मोठी गोष्ट अशी, की मान राखून ‘नको’ म्हणता येते आणि त्याने घर मोडत नाही, हे तिला एकदा अनुभवाने कळलेले असेल. पुढे कोणी तिच्यापुढे, किंवा तिच्या भावापुढे, पेटलेली सिगारेट धरली, तर त्या वेळी लागणारा शब्द नवा शोधावा लागणार नाही. तो शब्द सातवीच्या वर्गात, मैत्रिणीस आजोबा कल्पून, हसत-हसत तीनदा म्हटलेला असेल.